बायजाबाई शिंदे

जालना जिल्ह्यातील आसई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली याने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या पडत्या काळात दौलतरावांना राज्यकारभारात सल्ला देत असत त्यांच्या पत्नी बायजाबाई. कागलच्या घाटगे घराण्यातील या बाई अश्वारोहणात निपुण होत्या. १८२७ मध्ये दौलतराव वारले. त्यांना पुत्र नव्हता. तेव्हा बायजाबाईंनी जनकोजीस दत्तक घेतले आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतः चालविला. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवर त्यांनी दगडी मंडप बांधविला. परंतु गादी दत्तक पुत्राच्या नावे होती. त्याच्याशी वितुष्ट येताच, १८३३ मध्ये, त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. ज्यांच्या शहाणपणाने राज्य सावरले, त्यांना स्वतःच्या नावाचा अधिकार मात्र कधीच लाभला नाही.