मोटारसायकल, खडतर वाटेवरील
दगडधोंडे, चिखल व चढउतार यांतून चालविण्याची हलकी दुचाकी. जमिनीपासून अधिक उंची, लांब पल्ल्याचे आघातशोषक व खोल नक्षीचे टायर ही तिची वैशिष्ट्ये होत. मर्यादित खर्चात पहिली गाडी निवडताना शक्तीपेक्षा वजन, आसनाची उंची व देखभाल यांना महत्त्व द्यावे. शर्यतीची जुनी गाडी स्वस्त मिळाली, तरी तिच्या एंजिनातील दट्ट्या व कड्या वारंवार बदलाव्या लागतात. हवेने थंड होणारे, चार धावांचे साधे एंजिन मात्र दीर्घकाळ टिकते. भारतात २०१९ मध्ये आलेली, रस्त्यावरही चालणारी ‘हीरो एक्सपल्स २००’ अशा एंजिनाची असून तिचे पुढील चाक २१ इंची होते. जुन्या गाडीच्या सांगाड्यातील तडे व आघातशोषकांतील तेलगळती तपासावी. शिरस्त्राण, गुडघेकवच व उंच बूट यांचा खर्च आधीच बाजूला काढावा.