आभाळातल्या बोडीचा जमाखर्च



२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आपल्या चिमूर-सिंदेवाही भागात आभाळातून जळत्या रेघा सरकताना पुष्कळांनी पाहिल्या. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात तर धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. तेव्हापासून शिवारफेरीत एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, वर आणखी काय काय फिरते जी?" आज डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीची माहिती देत आहोत. पावसाची खबर देणारे आपले उपग्रह तिच्यातच उभे आहेत.

पृथ्वी हा मोठा लोहचुंबक आहे. तिच्या चुंबकीय क्षेत्रात विजेचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, अडकून पडतात. १९५८ साली अमेरिकेचे जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपग्रहावरील यंत्रांनी हे दाखवून दिले. या कणांचे दोन पट्टे आहेत. बाहेरचा साधारण १३ हजारांपासून ६० हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला. आपला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे नेमका या पट्ट्यात आहे.

हा पट्टा म्हणजे आभाळातली बोडीच समजा. बोडीत पाणी येते, तसे जातेही. इथेही तेच.

आवक दोन वाटांनी होते. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाते आणि कण बाहेरून आत ढकलले जातात. आत येताना त्यांचा जोर वाढतो. दुसरी वाट म्हणजे पट्ट्यातच उठणाऱ्या विद्युत-चुंबकीय लहरी. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा, तशा त्या कणांना जागच्या जागी वेग देतात. २०१२ ते २०१९ या काळात दोन जुळ्या उपग्रहांनी पट्ट्यात फिरून पाहिले. ऑक्टोबर २०१२ मधील वादळात सर्वाधिक वाढ बाहेरच्या काठाला नव्हे, पट्ट्याच्या मध्यभागी आढळली. म्हणजे त्या वेळी जागच्या लहरींचाच हात मोठा होता.

खर्चाच्याही दोन वाटा. काही लहरी कणांची दिशा बिघडवतात आणि ते वातावरणात पडून संपतात. आणि सूर्याच्या वाऱ्याचा दाब वाढला, की चुंबकीय क्षेत्राची कड आत सरकते. मग काठावरचे कण बाहेर सांडतात, बोडीचा धुरा फुटावा तसे.

म्हणूनच वादळ आले की कण वाढतीलच, असे नाही. २००३ साली २७६ वादळांचा हिशोब मांडला गेला. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा कण वाढले, सुमारे पाचव्या हिश्शात घटले, बाकी वेळा फारसा फरक नाही. मे २०२४ च्या मोठ्या वादळानंतर तर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत तात्पुरते नवे पट्टे तयार झाले. त्यातला इलेक्ट्रॉनांचा पट्टा सुमारे तीन महिने टिकला.

यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. जोरदार इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आत शिरून साठतात आणि एखादे दिवशी ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक नावाचे दोन उपग्रह असेच बिघडले. एक काही तासांत सावरला, दुसऱ्याला पाच महिन्यांहून अधिक लागले.

या वादळांची नोंद ठेवण्यात महाराष्ट्र जुना आहे. १८५९ च्या प्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. पुढे विजेच्या ट्रॅममुळे मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. ती आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत चालते.

तेव्हा सभासदांनी इतकेच करावे. उपग्रहाचा अंदाज जरूर पाहावा, त्याचा उपयोग मोठा आहे. पण ऊस असो की धान, गावात एक पर्जन्यमापक असावा आणि रोज सकाळी वहीत नोंद व्हावी. वरची खबर एखादे दिवशी अडली, तरी पाण्याच्या पाळीचा निर्णय अडू नये. नोंदवह्या गट कार्यालयात दाखवाव्यात, आम्ही त्या तपासून सल्ला देऊ.