आढीतला वायू, दुधाची पिशवी

आढीत ठेवलेले आंबे एक वायू सोडतात आणि तोच वायू शेजारच्या आंब्यांनाही पिकवतो. त्याचं नाव इथिलीन. रोज सकाळी घरी येणारी दुधाची पिशवीही याच रेणूची बनलेली असते. फक्त तिच्यासाठीचं इथिलीन खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून मिळवतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूची अर्धा लिटर दूध पेलणारी पिशवी होते तरी कशी?

फुगडी आठवा. दोघी एकमेकींचे दोन्ही हात धरतात. इथिलीनमधले कार्बनचे दोन अणू तसेच दुहेरी बंधाने बांधलेले असतात. त्यातला एक बंध पक्का, दुसरा जरा कच्चा. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा 'मुक्त मूलक' येतो आणि एका कार्बनचा हात धरतो. कच्चा बंध सुटतो, दुसऱ्या कार्बनचा हात मोकळा होतो. तो शेजारच्या जोडीतला एक हात धरतो, मग तिथला हात सुटतो. असे हजारो रेणू जोडले जाऊन लांब साखळी तयार होते. दोन वाढत्या साखळ्यांची मोकळी टोकं एकमेकांना भेटली की वाढ थांबते. यात एकही अणू बाहेर टाकला जात नाही, म्हणून हे समावेशन बहुवारिकन. तयार झालेलं बहुवारिक म्हणजे पॉलिथिन.

त्याचा शोध अपघाताने लागला. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड १७० अंश सेल्सियसला, प्रचंड दाबाखाली ठेवलं. त्यांची अपेक्षित अभिक्रिया झालीच नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र सापडला. साखळीची सुरुवात इथिलीनमध्ये चुकून शिरलेल्या किंचित ऑक्सिजनने करून दिली होती, हे पुढे उलगडलं. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी नवे उत्प्रेरक वापरून कमी दाबात सरळ साखळ्या घडवल्या. प्रचंड दाबाच्या आधीच्या पद्धतीत साखळ्यांना फांद्या फुटतात; अशा साखळ्या दाटीने बसत नाहीत, म्हणून त्यांचं प्लॅस्टिक मऊ, लवचीक असतं. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. त्यातून बादलीसारख्या टणक वस्तू होतात.

साखळी तयार झाल्यावर तिच्यात कच्चा बंध उरत नाही. कार्बन-कार्बनचे सगळे बंध पक्के. पिशवीतून दूध गळत नाही, ते या साखळ्यांमुळेच; आणि मातीतल्या जिवाणूंना ती सहजासहजी पचत नाही, तेही त्यांच्यामुळेच. म्हणून पिशवी फोडताना कोपरा कापून वेगळा करू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या आणि पिशवी धुऊन भंगारवाल्याकडे द्या. नखाएवढा तो तुकडा एकदा गटारात गेला, की पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही.