गृध्रसी आणि गिधाड

विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटरचं अंतर बँकेच्या नोकरीपायी मी वर्षानुवर्षं लोकलमध्ये उभ्यानं कापलं. निवृत्त होऊन कादंबरी लिहायला बसलो, तर कमरेतून निघालेली कळ मांडीमागून थेट पोटरीत उतरू लागली. डॉक्टर म्हणाले, ‘सायटिका.’ मणक्यातली गादी सरकून नसेचं मूळ दाबलं जातं, तेव्हा असं होतं. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड!

डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलं. मोजून सात दिवस, जेवणानंतर. आधी रक्तदाब पाहिला, क्रिएटिनिन तपासलं. एवढी खबरदारी कशाला? उत्तर गिधाडांपाशीच आहे. हेच औषध गुरांना टोचलं जाई. अशी मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आभाळ ओस पडलं. हे कारण २००४ मध्ये उजेडात आलं. २००६ मध्ये सरकारनं गुरांसाठी ते बंद केलं.

माणूस गिधाड नव्हे. योग्य मात्रेत, थोडे दिवस ही गोळी मोठा आधार देते. पण उतारवयात, त्यात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर महिनोन्‌महिने घेतलेली तीच गोळी मूत्रपिंडावर आणि जठरावर उलटू शकते.

बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. मात्र पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली, तर तडक इस्पितळ गाठावं.

बँकेत चेक तीन महिन्यांत शिळा होतो. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र आपण केमिस्टकडे वर्षानुवर्षं वटवत राहतो!