अलास्काची जलसफर: वेळापत्रकातील चौकटीमागे काय असते

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगत, सिएटल किंवा व्हँकूव्हर येथून निघून अलास्काच्या आग्नेय भागापर्यंत जाणारी सात दिवसांची क्रूझ ही जगातील अत्यंत लोकप्रिय जलसफरींपैकी एक असून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या बेतांतही तिला आता जागा मिळू लागली आहे. या सफरीची माहितीपत्रके जहाजावरील तरणतलाव, नाट्यगृहे आणि भोजनगृहे यांच्या वर्णनांनी भरलेली असतात आणि कोणत्या दिवशी कोणते बंदर, किती वाजेपर्यंत, हे सांगणारी चौकट कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते. नियोजन करणाऱ्याने आधी वाचायची ती हीच चौकट, कारण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एखादा कायदा, एखादी सामुद्रधुनी किंवा एखाद्या राष्ट्रीय उद्यानाचा परवाना उभा असतो.

सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या सफरीत एक मुक्काम कॅनडातील व्हिक्टोरिया या शहरात असतो, आणि तो पुष्कळदा शेवटच्या संध्याकाळी, अवघ्या काही तासांपुरता, बागा पाहण्याची वेळ टळून गेल्यावर येतो, त्यामुळे प्रवाशांना तो निरर्थक वाटतो. त्याचे मूळ १८८६ साली अमेरिकी संसदेने केलेल्या प्रवासी जहाज सेवा कायद्यात आहे. अमेरिकेत न बांधलेल्या आणि परकीय निशाण लावलेल्या जहाजाने अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करू नये, असा हा देशी जहाजधंद्याला संरक्षण देणारा नियम आहे. आजची बहुतेक मोठी क्रूझ जहाजे युरोपात बांधलेली आणि बहामा, बर्म्युडा किंवा पनामा यांच्या निशाणाखाली चालणारी असल्यामुळे त्यांना सफरीत एक तरी परदेशी बंदर घ्यावेच लागते. या कायद्याची पकड किती घट्ट आहे हे २०२१ मध्ये दिसून आले. कॅनडाने महासाथीमुळे आपली बंदरे बंद ठेवताच अलास्काचा संपूर्ण हंगाम बुडण्याची वेळ आली आणि अमेरिकी संसदेला त्या वर्षापुरती सूट देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला.

प्रवाशाच्या दृष्टीने या नियमातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की सिएटलला चढलेल्या प्रवाशाला मधल्याच जुनो या अलास्काच्या राजधानीच्या बंदरात उतरून सफर संपवण्याची मुभा गृहीत धरता येत नाही. तशी वेळ आली तर जहाज कंपनीला दंड होऊ शकतो आणि तो प्रवाशाकडून वसूल करण्याची तरतूद तिकिटाच्या अटींत असू शकते. दुसरी अधिक महत्त्वाची: भारतीय पारपत्र असलेल्या प्रवाशाला अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा असावा लागतो, कारण जहाज कॅनडातून परतताना तो प्रवासी अमेरिकेत नव्याने दाखल होत असतो. कागदपत्रांची तपासणी चढतानाच होते आणि ती अपुरी निघाली तर प्रवासी धक्क्यावरच राहतो, पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून कॅनडाच्या व्हिसाची तयारी तिकिटाआधी सुरू करणे हेच शहाणपणाचे.

सिएटल की व्हँकूव्हर, हा प्रश्न बहुधा विमानभाड्यावर सोडवला जातो, पण त्याचे खरे उत्तर समुद्राच्या नकाशावर आहे. सिएटलपासून अलास्कातील स्कॅगवे बंदरापर्यंत बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या सुमारे दीड हजार किलोमीटरच्या जलमार्गाला इनसाइड पॅसेज, म्हणजे आतला मार्ग, असे नाव आहे. बाहेरच्या प्रशांत महासागराच्या लाटा बेटांवर अडत असल्याने या मार्गावरील पाणी बहुतांशी शांत असते आणि दोन्ही बाजूंना डोंगर दिसत राहतात. व्हँकूव्हरहून निघालेली जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या आतल्या बाजूने जातात, सिएटलची बहुतेक जहाजे मात्र त्या बेटाला बाहेरून वळसा घालतात, त्यामुळे पहिल्याच रात्री खुल्या महासागराशी गाठ पडते. ज्यांना बोट लागण्याचा त्रास आहे, त्यांनी हा फरक दरांतील फरकापेक्षा मोठा मानावा.

आतल्या मार्गाचीही एक अट आहे. व्हँकूव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधील सीमोर नॅरोज या चिंचोळ्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह कमाल १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, वेगाने वाहतो. तिच्या मध्यभागी रिपल रॉक नावाचे दोन सुळक्यांचे जलमग्न खडक होते, त्यांनी शेकडाभर जहाजे बुडवली किंवा फोडली. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून आणि त्यात १,२७० टन स्फोटके भरून ते उडवण्यात आले. खडक गेले तरी प्रवाह तसाच राहिला, म्हणून मोठी जहाजे आजही भरती-ओहोटीच्या मधली संथ वेळ साधूनच येथून पुढे जातात. व्हँकूव्हरहून सुटण्याची वेळ दर आठवड्याला थोडी वेगळी का असते, याचे एक कारण हे पाणी आहे.

बंदरे आणि हिमनद्या यांत निवड करायची झाल्यास वजन हिमनद्यांच्या पारड्यात टाकावे, कारण बंदरे बहुतेक सफरींत तीच ती असतात. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि तेही उद्यानाशी करार असलेल्या मोजक्या कंपन्यांना. जहाज तेथे धक्क्याला लागत नाही. उद्यानाचे अधिकारी लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात, दिवसभर माहिती सांगतात आणि संध्याकाळी उतरून जातात. या उपसागराचे वैशिष्ट्य त्याच्या वयात आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या पथकाने १७९४ मध्ये येथे सर्वेक्षण केले तेव्हा आत जाण्यास वाट नव्हती, समोर बर्फाची भिंत उभी होती. १९१६ पर्यंत ती सुमारे शंभर किलोमीटर मागे हटली होती. म्हणजे जहाज ज्या पाण्यातून जाते ते पाणी सव्वादोनशे वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हते आणि तोंडाकडील दाट अरण्यापासून टोकाकडील उघड्या खडकापर्यंतचा प्रवास हा वनस्पती भूमीवर कशा क्रमाने वसत जातात त्याचा चालता पाठच ठरतो. करार नसलेल्या कंपन्यांची जहाजे हबर्ड हिमनदीकडे किंवा जुनोच्या दक्षिणेकडील ट्रेसी आर्म, एन्डिकॉट आर्म यांसारख्या फ्योर्डांकडे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल, अरुंद खाड्यांकडे जातात. हबर्डची निवड कमअस्सल समजण्याचे कारण नाही: सुमारे १२० किलोमीटर लांबीची ही हिमनदी आजही पुढे सरकणाऱ्या थोड्या हिमनद्यांपैकी एक आहे, मात्र तेथे पोचण्यासाठी अलास्काच्या आखातातील खुले पाणी ओलांडावे लागते. ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये मोठी दरड कोसळून त्सुनामी उसळली होती. माहितीपत्रकातील मार्ग हे वचन नसून अंदाज असतो, हे ध्यानात ठेवण्यास एवढे उदाहरण पुरे आहे. तिकिटाच्या अटींतही कंपन्या मार्ग बदलण्याचा हक्क राखून ठेवतात.

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत. अलास्कात मात्र पाऊस हा हंगामाचाच भाग असून केचिकन या बंदरात वर्षाला सरासरी सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, जो मुंबईच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे. मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, डोंगरांवर बर्फही तेव्हा अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये ऊब आणि नदीत चढणारे सामन मासे, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो. हवाईच्या उबदार समुद्रातून खाद्यासाठी उत्तरेकडे येणारे हंपबॅक देवमासे जवळजवळ सर्व उन्हाळाभर दिसतात. उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या आशेने जूनची सफर घेणाऱ्यांची मात्र निराशा होते, कारण त्या काळात रात्र पुरेशी काळोखी होतच नाही. सामानात छत्रीपेक्षा पाणी आत न शिरू देणारे जाकीट, एकावर एक घालता येतील असे कपडे आणि दुर्बीण यांना अग्रक्रम द्यावा.

केबिनच्या बाबतीत प्रचलित सल्ला सज्जाची खोली घेण्याचा आहे आणि अलास्कापुरता तो बराचसा रास्त आहे. तथापि हिमनदीपाशी जहाज सावकाश वळवून दोन्ही बाजूंना दृश्य दाखवले जाते आणि सर्वांत विस्तीर्ण देखावा वरच्या उघड्या डेकवरूनच मिळतो, त्यामुळे बिनखिडकीची स्वस्त खोली घेऊन वाचलेले पैसे एखाद्या चांगल्या किनारी सहलीवर खर्च करणे हा तितकाच समंजस पर्याय आहे. हेलकावे सर्वांत कमी जाणवतात ते जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर.

जाहिरातीतला दर हा एका खोलीत दोघे राहतील असे धरून माणशी सांगितलेला असतो. बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी, इंटरनेट, मद्य आणि किनाऱ्यावरच्या सहली त्यात बहुधा धरलेल्या नसतात. एकट्या प्रवाशाला पुष्कळदा दोघांइतके भाडे पडते. शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते, जैन जेवणासाठी मात्र आरक्षणानंतर लगेच लेखी कळवणे आवश्यक असते. जहाजावरील वैद्यकीय सेवा सशुल्क असते आणि दुर्गम किनाऱ्यावरून रुग्णाला हवाईमार्गे हलवण्याचा खर्च अफाट असल्यामुळे विम्यात त्याचा स्पष्ट उल्लेख असावा. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर हातांना चोळायच्या द्रवाचा फारसा परिणाम होत नाही, साबण आणि पाणी यांचाच होतो. भोजनगृहाच्या दारातील बाटलीवर विसंबून राहू नये. सुटण्यापूर्वीच्या सुरक्षा कवायतीला टाळाटाळ करण्याची सवयही सोडावी: १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, आणि त्यानंतरच ती सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला.

जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून विमानाने निघण्याच्या बंदरी आदल्या दिवशीच पोचावे. अलास्काची वेळ सिएटलच्या वेळेहून एक तास मागे असते आणि भ्रमणध्वनी ती आपोआप बदलतो, जहाजावरील घड्याळ बदलेलच असे नाही. परतण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने मोजावी. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर तिची जबाबदारी कंपनी घेते, स्वतः ठरवलेली सहल स्वस्त पडते पण ही हमी तीत नसते. जुनोमध्ये तर राजधानी असूनही बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, त्यामुळे जहाज चुकलेल्याला विमान किंवा फेरीबोट यांचाच आधार उरतो. याच गावाने गर्दीला कंटाळून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घालण्याचा करार कंपन्यांशी केला आणि ती २०२४ पासून लागू झाली. आपल्या तारखेला बंदरात किती जहाजे आहेत हे आधी पाहून सहलीची वेळ सकाळी लवकर घ्यावी.

स्कॅगवेत एकच गोष्ट करायची तर ती व्हाइट पास रेल्वे. कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्यामागे १८९७-९८ मध्ये धावलेल्या हजारो लोकांना कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा, म्हणजे सामानासह जवळजवळ टनभर ओझे, असल्याखेरीज सरहद्द ओलांडू देत नसत आणि ते ओझे पाठीवरून खिंडीपर्यंत खेपा घालून न्यावे लागे. ही अरुंद मापाची रेल्वे १८९८ मध्ये बांधायला घेतली आणि १९०० मध्ये पूर्ण झाली तोवर सोन्याची धावपळ ओसरली होती. सुमारे ८७३ मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत जाऊन प्रवाशांना खाली न उतरवता परतणाऱ्या गाड्या वेगळ्या आणि कॅनडात फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणाऱ्या सहली वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या सहलीत पारपत्र तपासले जाते, तेव्हा भारतीय प्रवाशाने कॅनडाचा व्हिसा लावलेले पारपत्र त्या दिवशी खोलीतील तिजोरीत न ठेवता बरोबर घ्यावे.