मूल सांगतं तेव्हा घरात काय ऐकलं जातं

‘आई, मला मुली नाही, मुलगे आवडतात.’

हे ऐकल्यावर घरात पहिल्यांदा सुरू होतो तो कारणाचा शोध. होस्टेलमधला मित्र, मोबाइल, वेबसीरिज, नाहीतर शिकायला पुण्याला पाठवलं ती चूक. आई स्वतःला दोष देते, वडील आईला देतात. लैंगिक कल संगतीनं लागत नाही आणि संस्कार कमी पडले म्हणून तयारही होत नाही. संगतीनं लागत असता, तर घरात, शेजारी आणि पडद्यावर जन्मभर स्त्री-पुरुषांच्याच जोड्या पाहिलेलं हे मूल वेगळं निघालंच नसतं. कल कशानं घडतो, याचं एका ओळीत उत्तर नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलैंगिकता ठरवणारं एकच एक जनुक त्यात सापडलं नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा मात्र दिसला. आईबापांच्या चुकीमुळे मूल समलिंगी होतं, याला पुरावा नाही.

मग डॉक्टरचा विषय निघतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हा आजार नाही, असं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तर कल बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही गोळ्या, संमोहन, अंगारे-धुपारे चालूच आहेत. समुपदेशकाकडे जरूर जावं, पण आधी आईवडिलांनी, स्वतःसाठी. समोरचा माणूस ‘सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो’ म्हणाला, तर तिथून उठून यावं.

‘लग्न करून द्या, येईल ताळ्यावर.’ याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. देणारे तो बहुतेक वेळा मायेनंच देतात, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. लग्नानं कल बदलत नाही. आतापर्यंत एक माणूस घुसमटत होता, आता दोन घुसमटतात. पत्रिका जुळवून बोहल्यावर उभ्या केलेल्या त्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नसतं. नवरा जवळ येत नाही, म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असं ती वर्षानुवर्षं समजत राहते. मूल होत नाही म्हणून टोमणेही तिलाच. आणि समलिंगी असलेली मुलगीच बोहल्यावर चढवली गेली, तर नको असलेले शरीरसंबंध तिला निमूट सोसावे लागतात. सज्ञान पत्नीवर नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. मुलींच्या बाबतीत घरं घाईही जास्त करतात: फोन काढून घ्यायचा, कॉलेज बंद, महिन्याभरात स्थळ. अठरा पूर्ण केलेल्या व्यक्तीला असं कोंडून ठेवण्याचा अधिकार आईवडिलांनाही नाही.

कायद्याविषयीही बराच गोंधळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सज्ञान व्यक्तींमधले, संमतीनं आलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. या दुसऱ्या निकालामुळे अनेकांना वाटतं की हे पुन्हा बेकायदा झालं. तसं झालेलं नाही. एकत्र राहणं गुन्हा नाही; विवाहाची नोंदणी होत नाही, इतकंच.

आणि हे ‘पाश्चात्त्य फॅड’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलमच इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणलं होतं. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आलं, तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता.

मुलगा गे आहे म्हणजे त्याला बाई व्हायचंय, हाही गैरसमजच. कुणाविषयी ओढ वाटते ही एक गोष्ट, आपण स्वतःला पुरुष मानतो की स्त्री की आणखी काही, ही दुसरी. मूल ट्रान्स असेल तर ते तसं सांगेल. आपण ठरवू नये.

‘मित्रांना आधी सांगितलंस, आम्ही परके का?’ हा प्रश्न मुलाला फार लागतो. मित्र तुटला तर एक मित्र जातो. आईवडील तुटले तर डोक्यावरचं छप्पर, फी, सणासुदीचं घर, सगळंच जाऊ शकतं. म्हणून तुमच्यापाशी यायला उशीर होतो. जे बोलायला त्याला पाच मिनिटं लागली, त्याची जुळवाजुळव मनात बरीच वर्षं चाललेली असते. ‘वय आहे, जाईल’ म्हणण्याआधी हे आठवावं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज मित्रमंडळींमध्ये दिसतो. ‘धाडस कर, आजच घरी सांगून टाक’ हा सल्ला चांगल्या मनानं दिलेला असला तरी धोक्याचा आहे. घरात मारहाणीची भीती असेल, शिक्षण घरच्या पैशावर चाललं असेल, तर थांबणं म्हणजे भ्याडपणा नव्हे. कधी, कुणाला आणि किती सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तर तिचं घर, तिचं शिक्षण आणि कधी तिचा जीवही धोक्यात येतो.

हे वाढवून सांगितलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट’चा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या गे, लेस्बियन आणि बायसेक्शुअल तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होतं. म्हणजे मुलाचा कल नव्हे, घरचं वागणं जिवावर बेततं.

पहिल्याच दिवशी सगळं पटलं पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. ‘मला वेळ लागेल, पण तू आमचाच आहेस, जेवायला चल’ एवढं त्या दिवशी पुरतं. नातेवाइकांना, गावाकडच्या आजीला सांगायचं की नाही, हे मुलाला विचारून ठरवावं. त्याच्या नकळत काकांना फोन करून सल्ला मागू नये. या वाटेनं आधी गेलेले आईवडील आपल्याकडे आहेत. ३७७ विरुद्धच्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांमध्ये मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर होत्या. आपली मुलगी लेस्बियन आहे, हे त्या जाहीरपणे सांगत आल्या आहेत. मुंबईत ‘स्वीकार’ हा अशा पालकांचाच गट आहे, ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ पासून काम करतो, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून या विषयावर भरपूर लिहिलं आहे. आणि रात्री-अपरात्री मन फारच सैरभैर झालं, मुलाचं असो की आईचं, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो.