उसातला बिबट्या आणि पेपरांचा हिशेब

दर शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस. हा आकडा वाचून कुणालाही ताडोबा किंवा मेळघाट आठवेल. प्रत्यक्षात तो अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या उसाच्या आणि वस्त्यांच्या पट्ट्याचा आहे, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात. विद्या अत्रेय, मॉर्टन ओडन, जॉन लिनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि उल्हास कारंथ यांचा हा अभ्यास मार्च २०१३मध्ये ‘प्लॉस वन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. रात्री आपोआप टिपल्या गेलेल्या छायाचित्रांमधून, अंगावरच्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक जनावर वेगळे ओळखले गेले आणि गणित मांडले गेले. नेमके आकडे ४.८ आणि ५.०३. इतक्या दाट लोकवस्तीत इतक्या संख्येने मोठे मांसभक्षक राहत असल्याची नोंद याआधी कुठे झालेली नव्हती, असे लेखकांनी त्यात म्हटले आहे.

पाठोपाठ ‘ओरिक्स’ या नियतकालिकात या बिबट्यांच्या आहारावरचा पेपर आला. बिबट्यांच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, पण आहारात त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रे मोकाट असते. संगमनेर-अकोल्याच्या कुठल्याही शेतकऱ्याने हे पारावर बसून सांगितले असते. मात्र त्याचे सांगणे ‘निरीक्षण’ ठरते आणि पेपर ‘पुरावा’. जंगलाबाहेरच्या मांसभक्षकांवर लिहिणाऱ्या देशोदेशींच्या अभ्यासकांना या पेपरांची दखल घ्यावीच लागते, आणि या दखल घेण्यालाच संशोधनाच्या जगात सायटेशन म्हणतात.

आता याच जिल्ह्यातल्या संशोधनाचे दुसरे टोक पाहा. ‘फ्लोरा ऑफ अहमदनगर डिस्ट्रिक्ट’ हा एस. जी. प्रधान आणि एन. पी. सिंह यांचा जाडजूड ग्रंथ १९९९चा. राज्यातला हा सगळ्यात मोठा जिल्हा, क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे. पश्चिमेला कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा धो धो पाऊस आणि पूर्वेला कर्जत-जामखेडचे माळ, एवढा विस्तार. त्यातल्या वनस्पतींची नोंद करायची म्हणजे वर्षानुवर्षे फिरावे लागते. असा ग्रंथ कपाटातून खाली उतरतो तो एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी, एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालासाठी, किंवा गावाची जैवविविधता नोंदवही लिहिताना. २००२च्या जैवविविधता कायद्याने अशी नोंदवही ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेवर सोपवली आहे. या तीन वापरांपैकी एकही सायटेशनच्या यादीत सहसा येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये प्रादेशिक जर्नले उभी आहेत. मराठी मुलखात त्यांची परंपरा समजतो त्यापेक्षा मोठी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची, तिचे जर्नल १८८६पासून. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि १९८८पासून तिचे वार्षिक जर्नल सुरू झाले. वर्षाला एक अंक, कधी दोन वर्षांचा मिळून जोडअंक. गोळे पक्ष्यांचे अभ्यासक होते, पण त्यांचा खरा ओढा उजाड जमीन आणि मेलेली नदी पुन्हा उभी कशी करायची, याकडे होता. त्यामुळे हे जर्नल प्रयोगशाळेपेक्षा माळावर आणि नदीकाठी जास्त फिरले. कऱ्हाड तर या व्यवहाराचे चमत्कारिक केंद्रच. ‘पोल्युशन रिसर्च’ १९८२चे, ‘इकॉलॉजी, एन्व्हायर्नमेंट अँड कॉन्झर्व्हेशन’ १९९५चे आणि ‘नेचर एन्व्हायर्नमेंट अँड पोल्युशन टेक्नॉलॉजी’ २००२चे. तिन्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या तालुक्याच्या गावातून निघाली. आर. के. त्रिवेदी आणि पी. के. गोयल यांचे पाणीप्रदूषण तपासण्याच्या पद्धतींचे पुस्तकही इथलेच. आपल्याकडच्या कॉलेजातून निघालेला तळ्याच्या किंवा धरणाच्या पाण्यावरचा कुठलाही जुना पेपर उघडा, संदर्भांत ‘त्रिवेदी अँड गोयल’ भेटण्याची शक्यता फार मोठी. परीक्षानळी हातात कशी धरायची हे शिकवणाऱ्या पुस्तकाला मिळालेली ही दाद कुठल्याही जर्नलने हेवा करावा अशी आहे.

या जर्नलांत काय छापले गेले? जुन्या काळी याद्या: अमुक किल्ल्यावरच्या वनस्पती, तमुक जलाशयावरचे पक्षी. मग पाण्याचा जमाना आला. भंडारदरा असो, मुळा असो की जायकवाडी. पाण्याचा सामू, विरघळलेला प्राणवायू, क्षारांचे प्रमाण, प्लवकांचे ऋतुमान. शेजारी महादेव कोळी आणि ठाकर समाजाकडच्या औषधी वनस्पतींच्या नोंदी. त्यानंतर उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा वापर कसा बदलला ते पाहणे, आणि अलीकडे हवामानबदल. स्पष्ट बोलायचे तर पाण्यावरच्या पेपरांचा मोठा भाग एकाच साच्यातून काढलेला आहे. जलाशयाचे नाव बदलायचे, वर्ष बदलायचे, तक्ता तोच, निष्कर्षही तोच: पाणी पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात क्षारयुक्त. अशा पेपरांना कुणी उद्धृत करत नाही यात अन्याय मुळीच नाही. मात्र त्यांतले तक्ते तीस वर्षांनी सलग लावले, तर एका नदीची जन्मपत्रिका हाती येईल. ते लावायला मूळ आकडे हवेत, आणि छापताना बहुतेकदा सरासरीच छापली गेली. हा दोष मला सायटेशन कमी असण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा जर्नलच्या कपाळावर लावला जातो, तो काढायची रीत सोपी आहे. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या पेपरांना यंदा किती सायटेशन मिळाली ते मोजायचे आणि त्या पेपरांच्या संख्येने भागायचे. समजा, दोन वर्षांत चाळीस पेपर छापले आणि यंदा त्यांची वीसदा दखल घेतली गेली, तर आकडा ०.५. यामागची कल्पना युजीन गारफिल्ड यांची. १९५५ साली त्यांनी ‘सायन्स’मध्ये सायटेशनच्या सूचीचा विचार मांडला. ही कल्पना त्यांना सुचली अमेरिकन वकिलांच्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या पुस्तकांवरून, ज्यांत एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांनी घेतला, हे नोंदलेले असते. गारफिल्डचा हेतू मुख्यतः जुना पेपर धरून त्याच्या पुढचे संशोधन शोधता यावे, हा होता. पुढे ग्रंथालयांना कुठली जर्नले घ्यावीत हे ठरवायलाही त्याची मदत झाली. प्राध्यापकाची बढती त्यावर ठरेल, हे त्या मांडणीत नव्हते.

या गणितात परिसरशास्त्राचा घाटा दोन ठिकाणी होतो. पहिला, दोन वर्षांच्या खिडकीत. कर्करोगाच्या पेशींवरचा पेपर सहा महिन्यांत जुना होतो. रेहेकुरीच्या काळविटांची किंवा कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावरच्या माळढोकाची नोंद विसाव्या वर्षी मोलाची ठरते, कारण तोवर माळढोक तिथून गेलेला असतो आणि ‘एके काळी होता’ याला एवढाच कागद साक्षी उरतो. १९७९ साली सोलापूर-नगरमध्ये मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. पुढे ते १,२२२वर आले. कुठला माळ खरोखर माळढोकाचा आणि कुठला फक्त नकाशावरचा, हा वाद जुन्या क्षेत्रनोंदींशिवाय लढताच येत नाही. वर्षाला एक अंक काढणाऱ्या जर्नलची पंचाईत तर आणखी वेगळी. अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंतच खिडकीतले निम्मे दिवस संपलेले असतात.

दुसरा घाटा सरासरीचा. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी दाखवून दिले आहे की जर्नलच्या एकूण सायटेशनपैकी निम्मी अवघ्या १५ टक्के पेपरांना मिळालेली असतात. म्हणजे जर्नलच्या आकड्यावरून त्यातल्या एखाद्या पेपरचे मोल ठरवणे ही गावाच्या सरासरी उताऱ्यावरून एकाच शेतकऱ्याचा ऊस तोलण्याची रीत. शास्त्रज्ञांनाही हे कळत होते. २०१३ साली जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रात माणसाचे मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नका, असे साफ लिहिले आहे.

आपल्याकडे झाले उलटेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत प्राध्यापकांच्या कामाला गुण दिले. या गुणपद्धतीचे एपीआय हे नाव तेव्हापासून स्टाफरूममध्ये चहाइतके रुळले. छापील पेपरला गुण आहेत म्हटल्यावर छापून देणारी दुकाने निघाली. पैसे भरा, आठवड्यात पेपर घ्या. या दुकानांना आळा घालायला आयोगाने मान्य जर्नलांची यादी केली, तर तीच दुकाने यादीत शिरली. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी, विद्यापीठांच्या शिफारशीवरून या यादीत आलेल्या १,००९ जर्नलांची छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. मे २०१८मध्ये आयोगाने एका फटक्यात ४,३०५ नावे काढली. पुढच्या वर्षी ‘केअर लिस्ट’ आली, तीही पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या देखरेखीखाली. अहिल्यानगरची कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालये याच विद्यापीठाची, त्यामुळे हे वारे इथे थेट लागले.

या धरपकडीत भुरट्यांबरोबर काही गरीब साव अडकले. स्वयंसेवी वृत्तीने चालणारे, संपादकाच्या घरातून निघणारे, वेळ चुकवणारे प्रादेशिक जर्नल यादीच्या निकषांवर लंगडे पडले. अंक वेळेवर नाही, संकेतस्थळ धड नाही, परीक्षकांची नावे जाहीर नाहीत. निकष चुकीचे नव्हते. पण गुणच मिळणार नसतील, तर अकोल्यातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आपली दहा वर्षांची फुलपाखरांची नोंद अशा जर्नलला का देईल? तो ती तुकडे करून यादीतल्या दूरच्या जर्नलला देई, जिथल्या वाचकाला प्रवरा कुठून वाहते याच्याशी देणेघेणे नसे. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने केअर लिस्टही बंद केली आणि जर्नल पारखण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे सोपवले.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तिथले शास्त्रज्ञ इंग्रजी पेपर लिहितात, त्यांतले बरेच महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांच्या सामायिक जर्नलमध्ये येतात. त्याच संशोधनाचे सार ‘कृषिदर्शनी’ या वार्षिक मराठी पुस्तकात उतरते. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, कुठल्या जमिनीला कुठला वाण. ही प्रत शेतकऱ्यांच्या घरात पुढचा अंक येईपर्यंत खिळ्याला टांगलेली असते. तिला इम्पॅक्ट फॅक्टर नाही. हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदाचेही तसेच. पाऊस किती पडला ते मोजून रब्बीला काय घ्यायचे, हे तिथली ग्रामसभा ठरवते. त्या गावावर बाहेरच्यांनी इंग्रजीत भरपूर लिहिले, पण गावाची स्वतःची वर्षागणिक पावसाची आणि विहिरींची नोंद हीच अस्सल सामग्री आहे, आणि ती कुठल्याच जर्नलची नाही.

बिबट्याकडे परत येऊ, कारण त्याच्याबाबतीत परिणाम मोजता येतो. पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडला की प्रश्न मिटतो, हा आपल्याकडचा जुना समज. शेजारच्या जुन्नर वनविभागातल्या नोंदींवरून अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले. हा पेपर २०११मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’त आला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सरसकट पकडून सोडण्याला त्यांत विरोध केला. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीतून काढलेला, रेडिओ कॉलर लावून माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला. मंत्रालयाचे पत्रक, चित्रपट. सायटेशन मोजणारे यंत्र यांतले एकही धरत नाही.

म्हणून प्रादेशिक जर्नल चालवणाऱ्यांनी आकड्यामागे धावू नये असे मला वाटते. त्यांच्याकडे करण्यासारखी तीन-चार साधी कामे आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड आज जैवविविधता वारसा ग्रंथालयात कुणालाही फुकट वाचता येतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणाचा आधार आजचा संशोधक घरबसल्या घेतो. तसे बाकीच्या जर्नलांचे अंक स्कॅन व्हावेत. पेपरबरोबर मूळ तक्ता, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख छापावी. सारांश मराठीतही द्यावा, म्हणजे गावाच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष तो वाचू शकेल. आणि संपादकांनी शोधशब्दांत ‘अहमदनगर’ व ‘अहिल्यानगर’ दोन्ही नावे ठेवावीत. जिल्ह्याचे नाव २०२४मध्ये बदलले. त्याआधीचे सारे संशोधन जुन्या नावाने, तेही इंग्रजीत दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पडून आहे. फक्त नवे नाव टाकून शोधणाऱ्याला अकोल्याच्या बिबट्यांच्या आहाराचा तो पेपर सापडेलच असे नाही.